लाइट बघण्यापुरता फोटो

"वायर एकदम ओके आहे, वहिनी," कॉम्प्युटरवाले इनामदार टेबलाखालून बाहेर येत म्हणाले. त्यांच्या टकलाला कोळिष्टक चिकटलं होतं. "डबीवरचे दोन्ही दिवे लुकलुकताहेत. म्हणजे तुमच्या दोन्ही मशीनचं एकमेकांशी बोलणं चालू आहे."

"मग मला पलीकडचं दिसत का नाही?"

"काहीच दिसत नाही?"

"तसं दिसतंय हो. 'लग्न' उघडतंय, 'पासपोर्ट' उघडतंय. ते 'कै.' तेवढं उघडत नाही."

त्यांनी माझ्या खुर्चीत बसून स्वतः उघडून बघितलं. पडद्यावर तोच चौकोन आला, टंग असा आवाज झाला. इनामदारांनी चष्मा वर करून इंग्रजी वाचलं. "हे बघा. फोल्डर हरवलं असतं तर मशीन म्हणालं असतं, सापडत नाही. हे म्हणतंय, तुम्हाला परवानगी नाही. समोरच्या मशीनवरनं बघायला लागेल."

ते उठून स्टुडिओकडे निघाले, तर मधल्या दारात हे उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"राहू दे आता. गिऱ्हाईक यायची वेळ झाली."

"दोन मिनिटांचं काम आहे, दिगूभाऊ."

"राहू दे म्हटलं ना. व्हायरस असंल. बघतो मी."

"अहो, व्हायरस काय एकाच फोल्डरला धरून बसतोय होय? तो काय तुमच्या ओळखीचा आहे?" इनामदार स्वतःच हसले. हे हसले नाहीत. त्यांनी इनामदारांचा हात धरला आणि चहाचा कप अर्धा असतानाच त्यांना पायरीपर्यंत पोचवून आले.

मी माझ्या मशीनसमोर पोटावर हात धरून बसून राहिले. टाके सुटले होते, पण जखमेवर हात ठेवायची सवय सुटली नव्हती. माझ्या मनात आलं, यांना मला काहीतरी दाखवायचं नाहीये.

या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. विट्यात आमचं 'खटावकर फोटो' होतं. दुकान आणि घर एकच. रस्त्याकडची खोली म्हणजे स्टुडिओ, त्यामागची माझी, त्यामागं स्वयंपाकघर. यांनी फोटो काढायचे आणि मी माणसं नीट करायची, अशी आमची लग्नापासूनची वाटणी. आधी मी निगेटिव्हवर भिंग लावून पेन्सिलीनं काम करत असे. देवीचे व्रण, डोळ्याखालची काळी वर्तुळं, सगळं पेन्सिलीच्या टोकानं भरून काढायचं. मग डिजिटल कॅमेरा आला, पाठोपाठ कॉम्प्युटर आले. आमच्या रेवतीनं सुट्टीत येऊन दोन्ही मशीन जोडून दिली. वायर दारावरून, तोरणाच्या खिळ्यांवरूनच आत आणली. समोर यांनी फोटो टाकला की आत मला तो जाग्यावर उघडता यायचा. काम करून मी तो तिथंच ठेवायची, हे समोरून छापायचे. दिवसभरात आमच्यात कामापुरतं बोलणंसुद्धा व्हायचं नाही, इतकी ती सोय झाली होती.

'कै.' हे फोल्डर सगळ्यांत भरलेलं. घरात माणूस गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी पायरी चढून यायचं. हातात कुणाच्यातरी लग्नातला ग्रुप फोटो. त्यात मागच्या रांगेत कोपऱ्यात आजोबा, निम्मे कापलेले. "एवढे आमचे नाना बाहेर काढून द्या. दिवसाला लावायचाय." आयुष्यभर त्या माणसाचा एकट्याचा फोटो कुणी काढलेला नसायचा. मग मी नानांना गर्दीतून बाहेर काढायची. मागं निळा पडदा घालायची, डोक्यावर फेटा बसवायची, खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात असायचा तो पुसायची. बाई सवाष्ण गेली असेल तर कुंकू ठळक करायचं, मंगळसूत्राच्या वाट्या पदराबाहेर काढायच्या. हे कुणी सांगावं लागत नसे. ते काम मी चहा पिता पिता करायची. त्याचं काही वाटायचं नाही. माणूस गेलं म्हणजे त्याचा फोटो लागतो, एवढंच.

त्या वर्षी माझ्या पोटात गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन ठरलं. हृदयाचे ठोकेही मधूनच चुकत होते, त्यामुळे डॉक्टर कचरत होते, पण गाठ ठेवून चालणार नव्हती. मला आत नेलं तेव्हा हे स्ट्रेचरबरोबर दारापर्यंत चालत आले. शुद्धीवर आले तेव्हा जवळ रेवती होती. घसा कोरडा पडलेला. मी पहिलं विचारलं ते "तुझे बाबा कुठायत?"

"कपडे आणायला विट्याला गेलेत. येतील आत्ता."

कपडे तर पिशवीभर बरोबर आणले होते. हे आले ते दिवेलागणीला. "एसटी बंद पडली तासगावात," म्हणाले. माझ्याकडे बघेनात. पायाशी उभे राहून पांघरूण सारखं करत राहिले.

ते मी मनात धरून ठेवलं. बायको फाडलेल्या पोटानं पडलीय आणि नवरा कपड्यांना गेलाय. ऑपरेशनच्या दुखण्यापेक्षा ते जास्त दुखलं, असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

घरी आल्यावर यांचं वागणं पार बदललं. ज्या माणसानं कधी भाजीची पिशवी उचलली नव्हती, तो चिक्कू सोलून बशीत आणून द्यायला लागला. चहा करायला लागला. तो चहा भयंकर असायचा, पण मी प्यायची. मी काही बोलले की लगेच "होय, होय." आमच्यात तीस वर्षं रोज काही ना काही खटका उडायचा. आता मी मुद्दाम उडवून बघितला.

"काय हो, त्या दिवशी माझ्याजवळ थांबायला तुमचं काय जात होतं?"

एरवी म्हणाले असते, "पमे, पुरे कर." तर मान खाली घालून म्हणाले, "चुकलंच माझं."

मी घाबरले. चुकलं म्हणणारा हा माणूसच नव्हे. गाठ तपासायला पाठवली होती, तिचा रिपोर्ट आला तेव्हा मी झोपेत होते. सगळे म्हणाले, साधी गाठ होती. पण सवाष्णीला कोण खरं सांगतं? आमच्या गल्लीतल्या लिमकरबाईंना शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. त्यांच्या पुढ्यातही असेच चिक्कू यायचे.

आणि त्याच सुमाराला ते फोल्डर बंद झालं. मी मशीनवर बसायला लागले तर "नेटवर्कचं काहीतरी बिघडलंय, तू स्टुडिओत येऊ नको, तिथं वायरी पायात येतात. मी सीडीवर घालून देतो." दोन खोल्यांमध्ये सीडी! हे प्रत्येक कागद स्कॅन करून ठेवायचे. लाइटचं बिलसुद्धा. मी मनाशी धरूनच चालले की माझा खरा रिपोर्ट त्या मशीनमध्ये आहे, आणि तो मला दिसू नये म्हणून दार लावलंय.

इनामदार येऊन गेल्यानंतरच्या बाजारच्या दिवशी सर्जेरावआप्पा आले. भाळवणीचे, गळ्यात तुळशीची माळ, हातात काठी. माझ्या ऑपरेशनच्या आधी ते स्वतःच स्वतःचा फोटो काढून घ्यायला आले होते. त्यांची म्हातारी गेली तेव्हा पोरांनी तिचा रेशनकार्डावरचा फोटो मोठा केला होता. "भुतागत दिसतीया बिचारी," म्हणाले होते. "माझा मी बघून पसंत करणार. मगच मरणार."

आता स्टुडिओतल्या बाकावर बसून त्यांनी काठी आपटली. मी मधल्या दारात खुर्ची घेऊन बसले होते.

"काय फोटोवाले, माझा फोटू झाला का न्हाई? का मी गेल्यावं देतासा?"

"होईल की आप्पा. घाई काय आहे तुम्हाला?"

"मला न्हाई घाई." त्यांनी काठीनं छताकडे दाखवलं. "त्येला आसली तर?"

मला हसू आलं. यांच्या कपाळावर मात्र घाम आला. "असलं बोलू नका इथं. घरात आजारी माणूस आहे."

"कोण? ही?" आप्पांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं. "ही तर टकाटक दिसतीया. काय गं पोरी, करून दे की माझा फोटू. कान मोठं दिसत्यात माझं, जरा आत घे."

"देते आप्पा. समोरचं फोल्डर उघडत नाहीये, तेवढं उघडलं की लगेच देते."

"मंग उघडा की वं!"

"पुढच्या बाजारी या," हे म्हणाले. आवाज चढला होता. "फोटो होणार नाही आत्ता. दुसरीकडून काढून घ्यायचा असला तरी घ्या."

पस्तीस वर्षांच्या धंद्यात यांनी गिऱ्हाइकाला असं कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आप्पा उठले, टोपी सारखी केली आणि जाताना माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "कायतरी बिनसलंय तुज्या मालकाचं. जप."

त्याच आठवड्यात हे शाळेचे ग्रुप फोटो काढायला खानापूरला गेले. दुपारी घरात मी एकटी. रेवतीला पुण्याला फोन लावला.

"फोल्डर परत चालू कसं करायचं ते सांग."

"बाबांना विचार ना. ते समोरच बसतात."

"तेच तर करून बसलेत."

"काय केलं बाबांनी?"

"माझा रिपोर्ट त्यात घालून ठेवलाय."

"आई, रिपोर्ट मी माझ्या डोळ्यांनी वाचलाय. साधी गाठ होती. तुला शप्पथ सांगू का?"

"तुम्ही सगळे एका माळेचे मणी आहात. लिमकरबाईंच्या लेकीनंपण शपथ घेतली होती. मला आप्पांचा फोटो करून द्यायचाय. सांगणार आहेस का नाही?"

"बरं बाई. बाबांच्या मशीनवर जा. फोल्डरवर माउस ने आणि उजवं बटण दाब. शेअरिंग असं दिसेल. त्यात नेटवर्कवर शेअर करा म्हणून एक चौकोन असेल, त्यात टिचकी मार. त्याच्या खाली अजून एक आहे, तिथंपण मार, नाहीतर तुला नुसतं बघता येईल, बदलता येणार नाही. ओके म्हण. फोल्डरच्या चित्राखाली एक हात आला की समज, झालं."

"हात?"

"फोल्डर तळहातावर धरलंय असं छोटंसं चित्र. दिसेल तुला."

फोन ठेवून मी स्टुडिओत गेले. कित्येक दिवसांनी तिकडे पाय ठेवला होता. पडदा, दिव्यांच्या छत्र्या, गिऱ्हाइकाचं लाकडी स्टूल, सगळं जागच्या जागी. मी यांच्या खुर्चीत बसले. 'कै.' सापडलं. खाली हात नव्हता. पण मी उजवं बटण नंतर दाबलं. आधी फोल्डरच उघडलं.

छोटी छोटी चित्रं ओळीनं उमटायला लागली. आमचं मशीन जुनं, एकेक करून दाखवायचं. फेटेवाले, टोपीवाले, नऊवारीतल्या बाया, निळ्या पडद्यापुढं. कागदासारखं काही दिसेना. मी खाली खाली जात राहिले. आप्पा आले, मोठ्या कानांचे. आणि आप्पांच्या शेजारी मी.

निळ्या पडद्यापुढं मी. खाली यांनी इंग्रजी अक्षरांत नाव टाकलं होतं, प्रमिला.

पहिल्यांदा मला कळलंच नाही. वाटलं, माझा फोटो इथं चुकून पडलाय. मग तो मोठा केला. पदर सारखा केलेला, मंगळसूत्राच्या वाट्या बाहेर, कपाळाला कुंकू ठळक. मी कुणासाठी कितीतरी वेळा केलं होतं ते सगळं त्या फोटोत होतं. फक्त केलेलं वाईट होतं. केसांची कड कात्रीनं कापावी तशी. एक कान निम्मा छाटलेला. कुंकू तर सरळ नव्हतंच, डाव्या भुवईकडे कललेलं. यांना माउसनं रेघ कधी मारता आली नाही.

शेजारी मूळ फोटोही होता. तो मी ओळखला. डिजिटल आल्यापासून गिऱ्हाईक बसायच्या आधी हे मला हाक मारायचे, "पमे, ये गं जरा, लाइट बघू दे." मी असेन तशी येऊन स्टुलावर बसायची. एक खटका, की "जा आता." तो फोटो लगेच पुसायचे. त्यातलाच एक पुसायचा राहिला होता. हाताला कणीक, पदर खोचलेला, कपाळावरचं कुंकू घामानं गेलेलं. आणि मी कॅमेऱ्याकडे न बघता थोडी वर, यांच्याकडे बघतेय. 'उरका की, तव्यावर भाकरी आहे' असं काहीतरी म्हणत असणार.

दिव्याखाली अंधार म्हणतात ते असं. गावभरचे फोटो ज्या घरातून गेले, त्या घरातल्या बाईचा एकटीचा फोटो म्हणजे एवढाच, लाइट बघण्यापुरता.

यांनी केलेल्या फोटोची तारीख मी बघितली. माझ्या ऑपरेशनचा दिवस. वेळ दुपारची.

तर हे कपड्यांना आले नव्हते. तासगावात एसटीही बंद पडली नव्हती. मी तिकडे टेबलावर असताना हा माणूस इथं, याच खुर्चीत बसून माझा हार घालायचा फोटो करत होता.

राग आला होता का? आला होता. मग रागाचा हात माउसवर गेला, पण पुसायला नाही. मी उजवं बटण दाबलं, रेवतीनं सांगितल्या ठिकाणी दोन टिचक्या मारल्या. फोल्डरखाली हात आला. मी उठून आत माझ्या मशीनवर आले, 'कै.' उघडलं. आता परवानगी होती.

आधी आप्पांचे कान आत घेतले. मग स्वतःला उघडलं.

छाटलेला कान मूळ फोटोतून आणून परत लावला. केसांची कड मऊ केली. एकेक बट सुटी केली. गळ्याशी निळ्याची सावली पडली होती ती काढली. हात आपोआप चालत होता, जसा कुणाही परक्या बाईसाठी चालायचा. सगळ्यात शेवटी कुंकवापाशी आले. ते सरळ करायला एक क्षण पुरला असता. केलं नाही. तसंच ठेवून फोटो जागेवर ठेवून दिला.

हे संध्याकाळी आले. कॅमेऱ्याची बॅग ठेवली, हातपाय धुतले आणि मशीन चालू करायला बसले. मी स्वयंपाकघरात होते. समोरून कसलाच आवाज येईना. खुर्ची सरकल्याचा नाही, खोकल्याचा नाही. फोल्डरखालचा हात त्यांना दिसला होता.

बऱ्याच वेळानं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभे राहिले. मी भाकरी थापत होते. मी वर बघितलं नाही.

"उघडलंस तू."

"आप्पांचा फोटो करायचा होता."

"पमे..."

"कान कापला होतात माझा," मी म्हटलं. "एवढ्या वर्षांत एक कान नीट राखता येऊ नये तुम्हाला?"

मला वाटलं हसतील. ते उंबऱ्यातच खाली बसले. भिंतीला टेकून. माझ्या पाठीकडे बघत बोलायला लागले.

"डॉक्टर म्हणाले, हृदयाचं सांगता येत नाही, सही करा. सही केली. मग बाकावर बसलो. रेवती शेजारी जप करत होती. मलापण करायचा होता. तर मनात आलं, हिचा फोटो कुठला लावायचा? देवाचं नाव घेतोय आणि डोक्यात तेच. घरात एकपण फोटो आठवेना. जो आठवायचा त्यात तू मागं, नाहीतर कडेला. मला बसवेना गं तिथं. उठलो तो थेट स्टँडवर."

तव्यावरची भाकरी मी उलटली.

"एसटीत बसल्यावर कळलं, आपण काय करतोय. पण उतरलो नाही. असला कसला मी माणूस? तू आत जिवंत होतीस आणि मी... मी तुला मारूनच ठेवलं होतं, पमे."

"मग पुसून का नाही टाकलात? मी आले की घरी."

"रोज पुसायला जायचो. डिलीट दाबलं की ते मशीन विचारतं. प्रमिलाला काढून टाकायचं नक्की का, म्हणून. नाव घेऊन विचारतं. मला हो म्हणवायचं नाही." डोळे पुसून म्हणाले, "ठेवला तर वाईट, पुसला तर वाईट. म्हणून दार लावून घेतलं."

भाकरी फुगली. मी ती टोपल्यात टाकली. बोलायला खूप होतं. मी म्हणायला हवं होतं की जाऊ द्या, वेडे आहात का. ते माझ्या तोंडून निघालं नाही. मिरजेला माझे डोळे उघडले तेव्हा हे तिथं नव्हते, ते काही मला अजून विसरता येत नव्हतं.

"जेवायला वाढते," मी म्हटलं.

"रागावलीस?"

"भूक लागलीय मला. उठा."

पुढच्या बाजारी आप्पा आले. फोटो बघून खूश झाले. "कान झ्याक बसिवलंस. आता मराय हरकत न्हाई," म्हणाले आणि त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. आमचे खटकेही परत सुरू झाले. पण एक गोष्ट राहिली. 'कै.' मध्ये कुणा सवाष्णीचं काम आलं की हे ते मला करू द्यायचे नाहीत. स्वतः वाकडंतिकडं करत बसायचे, गिऱ्हाइकाच्या शिव्या खायचे. आणि कधी भांडण टोकाला गेलं की मी ते बाहेर काढायची. "मी मरायला टेकले होते तेव्हा तुम्ही कुठं होतात?" हे गप्प व्हायचे. दरवेळी. त्यांच्याकडे त्याला उत्तर नव्हतं, हे मला माहीत होतं, म्हणूनच मी ते बोलायची.

हे गेले ते माझ्याआधी. सकाळी चहा घेतला, बाजेवर आडवे झाले आणि उठलेच नाहीत. घर माणसांनी भरलं. रेवती पुण्याहून निघाली होती, तिची वाट बघत होते. बायका माझ्या दोन्ही बाजूंना बसल्या होत्या. कुणी पाठीवरून हात फिरवत होतं, कुणी पाणी पाज म्हणत होतं. आणि माझ्या मनात एकाएकी आलं, यांचा फोटो?

मी उठले. आत जाऊन मशीन चालू केलं.

फोटोग्राफरचा फोटो कोण काढतो? सगळीकडे शोधलं. शेवटी रेवतीच्या लग्नातल्या एका फोटोत सापडले, कोपऱ्यात, पाहुण्यांना 'जरा हसा की' म्हणून हात वर केलेले. खांद्यावर कुणा मामाचा हात. मी यांना मोठं केलं आणि कामाला लागले. दारात नणंद येऊन उभी राहिली.

"वहिनी, अगं बाहेर तो तसा पडलाय आणि तू इथं कॉम्प्युटरवर बसतेस? लोक काय म्हणतील? जरा त्याच्याजवळ बस की."

"जवळच बसलेय," मी म्हटलं. तिला ते कळलं नाही.

यांच्या कानामागची केसांची कड मी हळूहळू सोडवत होते. पडद्यावर चेहरा एवढा मोठा झाला होता, की हनुवटीवरचा दाढी करताना कापल्याचा जुना व्रण दिसत होता. बाहेर जे होतं त्याच्याकडे मला बघवत नव्हतं. इथं यांच्याकडे कितीही वेळ बघता येत होतं. मामाचा हात पुसता पुसता मी थांबले. त्या दुपारी हे कुठं होते, ते मला तेव्हा कळलं.

पण ते ज्यांना सांगायचं, ते आता बाहेर नव्हते.

मागच्या दिवाळीत रेवती आली होती. तिनं माझं जुनं मशीन साफ करून सगळं तिच्या लॅपटॉपवर घेतलं. म्हणाली, "आई, तुझा एक चांगला फोटो काढू या. शालू नेस."

"आहे की एक तयार."

मी दाखवला तसा तिनं तो बराच वेळ बघितला. ती कुंकवावर काही बोलेल असं मला वाटलं होतं. यांना जाऊन इतकी वर्षं झालेल्या बाईच्या फोटोला एवढं ठळक कुंकू, म्हणून. तर म्हणाली, "किती छान आलीयस. कुणाकडे बघतेयस? फक्त कुंकू तिरकं लागलंय. दोन सेकंदात सरळ करते."

तिचा हात माउसवर गेला होता. मी तो धरला.

"राहू दे," मी म्हटलं. "ते माझं काम नव्हे."